कडकट्ट म्हणजे 'पीप पीप' नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला तारसेवेवरचा लेख वाचला. अख्खे पान दिलेत, आभार. एरवी तेवढ्या जागेत दोन गृहसंकुले उभी राहिली असती. पण छायाचित्राखालची ओळ वाचली आणि हात कपाळाला गेला. १४ जुलै २०१३ च्या रात्री म्हणे शेवटच्या तारबाबूने मोर्सच्या चावीवरून बोट उचलले आणि 'पीप पीप' कायमचे थांबले!

२०१३ साली तारा मोर्सच्या चावीवर, म्हणजे टिंब-रेघांच्या लिपीतले संदेश ठोकायच्या बटणावर, जातच नव्हत्या. चावी जाऊन टेलिप्रिंटर आले, टेलिप्रिंटर जाऊन संगणक आले. त्या रात्री कोणी बोट उचललेच असेल तर ते कीबोर्डच्या 'एंटर'वरून.

आता ते 'पीप'. हा आवाज बिनतारी संदेशांचा, हेडफोनमधला. सिनेमावाल्यांनी तो तारघरात आणून ठेवला आणि आपल्या लेखकांनी तिथून उचलला. तारघरातल्या साउंडरमध्ये, म्हणजे आलेला संदेश ठोक्यांत ऐकवणाऱ्या यंत्रात, सूर काढणारे काही नसतेच. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, त्यांच्यावर मऊ लोखंडाची पट्टी जडवलेली पितळी दांडी, तिला वर आणि खाली अडवणारे दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग, एवढाच संसार. पलीकडे चावी दाबली की वेटोळ्यांत वीज येते, ती चुंबक होऊन पट्टीला ओढतात, दांडी खाली आपटते : एक ठोका. चावी सुटली की स्प्रिंग दांडीला वर खेचते, ती वरच्या स्क्रूवर आदळते : दुसरा ठोका, जरा वेगळ्या आवाजाचा. म्हणजे टिंबालाही दोन ठोके आणि रेघेलाही दोनच. रेघ टिंबाच्या तिप्पट लांब, आणि ही लांबी कानाने ओळखायची ती दोन ठोक्यांमधल्या फटीवरून. मराठीत या यंत्राला 'कडकट्ट' म्हणत आले. त्या एका शब्दात दोन्ही ठोके आहेत. लेखकमहाशयांनी निदान तो शब्द मोठ्याने उच्चारून पाहायचा होता.

फट चुकली तर काय होते, तेही सांगतो. 'ए' म्हणजे टिंब-रेघ. मध्ये हात जरा रेंगाळला की त्याचे 'ई' आणि 'टी' झाले. शब्दातली अशी चूक मागच्या-पुढच्या संदर्भाने सावरता येते. आकड्याला संदर्भ कुठला? म्हणून आकडे पुन्हा पाठवून पडताळून घेत. आणि १८४४ मध्ये मोर्सने ही टिकटिक ऐकून संदेश वाचला, असे जे छापले आहे, तेही तपासा. वॉशिंग्टन-बाल्टिमोर मार्गावर संदेश कागदी पट्टीवर उमटत होता. कानाने वाचायची युक्ती तारयंत्रावर बसणाऱ्यांनी पुढे स्वतःच साधली.

पावसात तारा तुटत म्हणून संदेश रखडत, हे अर्धेच खरे. तार शाबूत असतानाही घोटाळा होई. परतीची तार नसतेच, ते काम जमीन करते. त्यामुळे खांबावरचा चिनीमातीचा इन्सुलेटर ओला झाला, त्यावर धूळ किंवा किनाऱ्याकडचे मीठ बसलेले असले, की प्रत्येक खांबावर थोडा थोडा प्रवाह जमिनीत झिरपतो. एका खांबाचे काही वाटत नाही, पण शेकडो खांब ओलांडून पोचेल त्यात दांडी हलायची ताकद उरत नाही. इन्सुलेटर उलट्या घंटेसारखा असतो तो आतली बाजू कोरडी राहावी म्हणून, शोभेसाठी नव्हे. लांबच्या मार्गावर म्हणून रिले लागे. त्याची हलकी जीभ अशक्त प्रवाहावरही हलते आणि तारघरातल्याच बॅटरीवर साउंडर वाजवते. पण रिलेची स्प्रिंग घट्ट ठेवली तर तो ठोके गाळतो, आणि सैल सोडली तर ओल्या खांबावरून आलेले शेजारच्या तारेचे ठोकेही उचलतो. पावसाळी दिवसात हात सतत या स्प्रिंगच्या स्क्रूवर ठेवावा लागे.

मोर्सने भारत जोडला, हेही एक वाक्य आहे. मग विल्यम ओशॉनेसी कोण? कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा हा डॉक्टर १८३९ मध्ये कलकत्त्यात तारेचे प्रयोग करत होता. १८५० मध्ये त्याने डायमंड हार्बरच्या मार्गाचे काम सुरू केले, १८५४ मध्ये आग्र्याहून कलकत्त्याला संदेश गेला, १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांना खुली झाली. आणि या मार्गांवर चालले ते त्याचे स्वतःचे, सुई डावी-उजवी हलवून अक्षर दाखवणारे यंत्र! मोर्सची पद्धत आपल्याकडे १८५७ मध्ये आली. पानभर लेखात त्याचे नाव एकदाही येऊ नये?

जाता जाता दुसरी तक्रार. मागच्या खेपेला आपण माझे पत्र संक्षिप्त केलेत, त्यात एक 'नाही' गळाला आणि मी ज्याचा विरोध केला होता त्याचाच पुरस्कर्ता ठरलो. तारेत शब्दाशब्दाला पैसे पडत, पत्त्यातले शब्दसुद्धा मोजले जात, म्हणून व्यापारी पेढ्या एका शब्दाचा पत्ता नोंदवून ठेवत. पण 'नाही' वाचवून कोणी काटकसर केल्याचे ऐकिवात नाही. या पत्राला कात्री लावायचीच असेल तर ओशॉनेसीचा परिच्छेद गेला तरी चालेल. साउंडरचा मात्र तसाच छापा, स्क्रू दोन आहेत.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज