चिपळूणच्या घरातला डबा: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, घरचे फोटो आणि कागद ठेवायला मी चिपळूणला बसवलेल्या छोट्या सर्व्हरबद्दल, म्हणजे आपल्या 'डब्या'बद्दल, वहीच्या पानावर लिहून पाठवलेले तुमचे प्रश्न मिळाले. आई, मधूनमधून वेगळ्या शाईत तुझे होते, तेही वाचले. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून लिहूनच पाठवते. पत्र डब्याच्या पावतीबरोबर ठेवा.

'सर्व्हर' म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. तो ऑफिसात वापरून झालेला लेनोव्होचा थिंकसेंटर एम७२०क्यू आहे, सात इंच लांब, सात इंच रुंद आणि दीड इंचापेक्षा कमी जाड. आत दोन डिस्क आहेत. २५६ जीबीच्या छोटीवर डेबियन ही यंत्रणा आहे आणि २ टीबीच्या मोठीवर तुमचे फोटो आणि कागद. बाहेर यूएसबीने जोडलेली काळी हार्ड डिस्क फक्त रोजची प्रत ठेवण्यासाठी आहे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक का घेतला नाही, हा बाबांचा प्रश्न बरोबर आहे. तोही चालला असता. पण तो मेमरी कार्डावर चालवला तर सतत लिहून लिहून कार्ड झिजतं आणि एक दिवस सुरूच होत नाही. त्याला एसएसडी, चांगला अडॅप्टर आणि पेटी जोडत गेलं की किंमत वापरलेल्या मिनी पीसीच्या जवळ जाते.

बिलाचं गणित असं. नुसता चालू असताना डबा साधारण १० वॅट खातो. १० वॅट गुणिले ७२० तास म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी ७२ रुपये. फोटोंमधले चेहरे ओळखायचं काम चालू असताना तो जास्त खातो आणि पंखाही ऐकू येतो. नवे फोटो आले की थोडा वेळ असं होणारच, ते बिघाडाचं लक्षण नाही.

आई, आगीच्या भीतीने रात्री डबा बंद करून झोपू नकोस. त्याचं खरं काम रात्रीच असतं. दोन वाजता फोटोंच्या यादीची, म्हणजे डेटाबेसची, प्रत निघते. तीन वाजता सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातं आणि त्यानंतर माझ्याकडे पुण्याला. आगीची भीती डब्यापेक्षा सैल प्लगची आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डाची जास्त धरावी. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच असू दे. वर क्रोशाचं झाकण घालू नकोस, कितीही छान दिसलं तरी. त्याला समोरून हवा आत घ्यायची आणि मागून सोडायची असते. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने समोरची जाळी झाड. ओलं फडकं नको.

जागेबद्दल मात्र मी ऐकणार नाही. डबा वरच्या मजल्यावरच राहील. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी बाजारपेठेत कुठवर आलं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. राउटर खाली आहे, म्हणून वरपर्यंत १५ मीटर कॅट ६, म्हणजे नेटवर्कची तांब्याची, केबल ओढली आहे. वायफायवर डबा ठेवला असता तर फोटो चढवताना मध्येच तुटत राहिलं असतं. पोटमाळा नको, एप्रिलमध्ये तिथे भट्टी होते. विजा कडाडायला लागल्या की डबा नीट बंद करून त्याचा प्लग आणि राउटरकडून येणारी केबल, दोन्ही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते आणि तांब्याच्या केबलने वर पोचते. समोरचं बटण एकदा दाबून सोडलं की तो अर्ध्या मिनिटात स्वतः बंद होतो. धरून ठेवू नका, धरून ठेवणं म्हणजे प्लग खेचल्यासारखंच.

आता लाइट जाण्याचं. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि ईको असं एक बटण असतं. ते यूपीएसवर हवं. ईकोवर लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला जरा वेळ लागतो. पंख्याला ते कळतही नाही, पण संगणक तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो. डेटाबेस लिहीत असताना हे वारंवार झालं तर तो बिघडतो. पंख्यांपुढे डब्याचा आणि राउटरचा मिळून भार किरकोळ आहे. पण इन्व्हर्टरची बॅटरीच उतरली तर डबा बंद पडेल आणि लाइट आल्यावर आपोआप सुरू होईल. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर चालू व्हायचं असं मी लावून ठेवलं आहे.

इथे एक जुनाट रोग आहे, बाबांनी लक्षात ठेवावा. बायोसची ही आठवण सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलवर टिकते. यंत्र वापरलेलं आहे, त्यामुळे सेल कधीही संपू शकतो. संपला की दोन गोष्टी होऊ शकतात. लाइट आल्यावर डबा आपोआप सुरू होत नाही, आणि हाताने सुरू केला तर त्याचं घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं. तारीख चुकलेलीच राहिली तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात आणि तो माझ्याशी बोलायचं सोडून देतो. दिसताना इंटरनेट बिघडल्यासारखं दिसतं आणि माणूस राउटरशी झटापट करत बसतो. घड्याळाच्या दुकानात सेल मिळतो. झाकण मागच्या एका स्क्रूवर आहे, पण बदलण्याआधी मला फोन करा.

लाइट येऊन डबा सुरू झाला तरी फोटो लगेच दिसणार नाहीत. हे मुद्दाम केलं आहे. मोठी डिस्क कूटबद्ध आहे, म्हणजे कुलूपबंद, आणि यंत्र बंद झालं की कुलूप आपोआप लागतं. चोराने डबा उचलून नेला तर त्याच्या हाती रिकामं यंत्र लागावं, तुमची पॅन कार्डं आणि एफडीच्या पावत्या लागू नयेत. कुलूप आपोआप उघडेल अशी सोयही करता येते, पण मग किल्ली त्याच पेटीत ठेवल्यासारखं होतं. म्हणून डबा सुरू झाल्याचा निरोप मला येतो आणि मी इथून कुलूप उघडते. मी विमानात असेन किंवा फोन उचलला नाही तर बाबांच्या लॅपटॉपवर 'डबा उघडा' नावाचं चिन्ह आहे. घरच्या वायफायवर असताना त्यावर दोनदा क्लिक करा. काळी खिडकी उघडेल. तुमच्याकडे ठेवलेल्या लिफाफ्यातलं कुलपाचं वाक्य टाइप करा आणि एंटर दाबा. टाइप करताना काहीही दिसणार नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. कळफलक बिघडला असं वाटेल, तसं नाही. चुकलं तर पुन्हा विचारेल.

कुलूप उघडेपर्यंत इमिच, म्हणजे फोटोंचं अ‍ॅप, 'जोडणी होत नाही' म्हणेल. म्हणू दे. डिस्कवरची खुणेची फाइल सापडल्याशिवाय तो सुरूच होत नाही, आणि हे बरं आहे. नाहीतर कुलूपबंद डिस्कऐवजी छोट्या डिस्कवर फोटो टाकत बसला असता आणि ती भरून सगळंच अडलं असतं.

बाबांचा मुख्य प्रश्न: एवढं करून मिळतं काय, गूगल होतंच की? गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची फुकट अमर्याद जागा बंद केली. आता मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी, पुढे पैसे. पण माझं कारण पैशाचं नाही. इमिच चेहरे ओळखतो तेही घरातल्याच यंत्रावर. नातीचा चेहरा कुठल्या कंपनीच्या यादीत जात नाही. एवढंच. याहून मोठं काही समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही कोणाशी किती वाजता बोलता ते त्यांना कळतंच. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात याचा अंदाज इंटरनेट कंपनीला येतोच. आणि फोनमध्ये गूगल फोटोजचा बॅकअप चालू राहिला तर डबा असूनही फोटो तिकडे जातच राहतील. तो दोघांच्या फोनमध्ये बंद आहे ना, ते पाहा. जुने फोटो गूगलवरून तुम्ही स्वतः पुसू नका. तिथे पुसलेला फोटो फोनमधूनही जाऊ शकतो. मी आल्यावर गूगलच्याच टेकआउट या सोयीने सगळे उतरवून, तारखा नीट जुळल्या का ते तपासून, मगच पुसू.

जाहिराती अडवणारं पाय-होल घरभर का लावलं नाही, असंही विचारलंत. ते लावलं की घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ते सांगायचं काम डब्याकडे जातं, आणि डबा बंद पडला की अख्ख्या घराचं इंटरनेट गेल्यासारखं होतं. शिवाय यूट्यूबच्या जाहिराती त्याने थांबत नाहीत. त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात. तुमच्या घरी हा व्याप नको.

'बाहेरून कोणी घुसेल का?' बाहेरच्या जगाला या डब्याचं दारच नाही. राउटरवर एकही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडलेलं नाही आणि यूपीएनपी बंद केलं आहे, कारण ते चालू असलं की घरातलं कुठलंही यंत्र परस्पर दार उघडू शकतं. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती डिस्क जगभर दुरून पुसल्या गेल्या. त्या थेट इंटरनेटवर दिसत होत्या आणि त्यांना २०१५ नंतर नवी दुरुस्ती मिळाली नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या घरगुती डिस्कवर डेडबोल्ट या खंडणीच्या व्हायरसने कुलपं घालून खंडणी मागितली, तीही उघड्या दारांतूनच. आपण टेलस्केल नावाचं अ‍ॅप वापरतो. ओळख पटलेल्या आपल्याच यंत्रांमध्ये ते वायरगार्ड या पद्धतीचा कूटबद्ध, बंद बोगदा बांधतं. कोणती यंत्रं जोडली आहेत हे त्या कंपनीला कळतं, आत काय चाललं आहे ते कळत नाही. त्याची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते. डब्यासाठी आणि तुमच्या दोन्ही फोनसाठी मी ती मुदत काढली आहे, नाहीतर सहा महिन्यांनी अचानक सगळं तुटलं असतं.

फोनमध्ये टेलस्केल एरवी बंद ठेवा. काही बँकांच्या अ‍ॅपना ते चालू असलेलं खपत नाही. घरच्या वायफायवर इमिच थेट डब्याशी बोलतो. त्यासाठी त्याने लोकेशनची परवानगी मागितली ती द्यायची, वायफायचं नाव वाचायला अँड्रॉइडला ती लागते. गावाला गेलात आणि जुने फोटो बघायचे असले तरच टेलस्केल चालू करा.

फोटो चढत नाहीत अशी आईची तक्रार आहे. फोनच्या सेटिंगमध्ये इमिचच्या बॅटरीपुढे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवड. नाहीतर बॅटरी वाचवायला फोन त्याला मागच्या मागे मारून टाकतो. तरीही अडलं तर अ‍ॅप उघडून पाच मिनिटं चार्जिंगला ठेव. बॅकअपमध्ये फक्त कॅमेऱ्याचा अल्बम निवडला आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा मुद्दाम वगळला, संकष्टीच्या शुभेच्छा तीन-तीन ठिकाणी जपायची गरज नाही. कोणी पाठवलेला खरोखरचा फोटो आवडला तर शेअर करून इमिचमध्ये टाक. आणि इमिचमध्ये चुकून पुसलेला फोटो ३० दिवस कचरापेटीत असतो, घाबरू नकोस.

कागदांसाठी पेपरलेस नावाचं सॉफ्टवेअर बसवलं आहे. स्कॅन केलं की मराठी आणि इंग्रजी अक्षरं ते वाचून घेतं, मग 'वीज बिल' किंवा 'रक्तशर्करा' असं शोधता येतं. छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं. हाताने लिहिलेला जुना सात-बारा किंवा डॉक्टरांचं अक्षर नाही, आणि आजोबांचे मोडीतले कागद तर मुळीच नाही. त्यांना नाव, गट नंबर आणि वर्ष हाताने लिहा. सरळ उजेडात, ३०० डीपीआयवर स्कॅन करा. एक लक्षात घ्या, या प्रती आपल्या सोयीच्या आहेत. डिजिलॉकरमध्ये आलेला कागद कायद्याने मूळ प्रतीसारखा धरतात, आपण काढलेला स्कॅन नाही. मूळ कागद कपाटातच राहू द्या.

डबा मेला तर? दुसरा घेऊ. म्हणूनच प्रती आहेत: डब्यात एक, बाहेरच्या डिस्कवर दुसरी, माझ्याकडे पुण्यात तिसरी. पुण्याची प्रत तुमच्याकडून कूटबद्ध होऊनच निघते. सध्या ४०० जीबी आहे. ४० एमबीपीएस अपलोडने ते चढायला नुसत्या हिशोबानेच २२ तास लागले असते, म्हणून पहिली प्रत मी डिस्कवर हातानेच आणली. आता रोज फक्त नवं तेवढं जातं. दिवाळीत आणि गुढीपाडव्याला मी त्यातले पन्नासेक फोटो परत काढून उघडून बघते. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर माझा विश्वास नाही. चुकून पुसलेल्या गोष्टीही महिन्याभरापर्यंत मागे जाऊन मिळतात.

काही अडलं तर आधी राउटरचे दिवे बघा, मग डब्याचा पांढरा दिवा, मग केबल दोन्ही टोकांना खटकन बसली आहे का. मग मला फोन. रीसेटची पिन कुठेही खुपसू नका, राउटरचं सगळं लावलेलं जातं. 'तुमच्या सर्व्हरमध्ये व्हायरस आहे' असा फोन आला तर तो चोर समजा. या डब्याला कुठलीही कंपनी नाही, माझ्याशिवाय कोणी फोन करणार नाही, आणि मीसुद्धा ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागणार नाही.

लिफाफ्यात तीन गोष्टी आहेत: कुलपाचं वाक्य, डब्याचा पासवर्ड आणि पुण्याच्या प्रतीची किल्ली. त्याचा फोटो काढू नका, तो फोटो डब्यातच जाऊन बसेल. एक लिफाफा मूळ कागदांच्या कपाटात आणि दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये. तुमच्या बँकेचे पासवर्ड मात्र मी डब्यात घातले नाहीत. बाबांची निळी वही त्यासाठी पुरेशी आहे, ती तशीच चालू द्या.

बाजारात जाल तेव्हा सीआर२०३२ सेल दोन आणून ठेवा, आणि इन्व्हर्टरला डिस्टिल्ड वॉटर घालायची वेळ झाली आहे का तेही बघा.

तुमची,
मनू