सेल्फ मारू न देणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

खरं तर पत्राच्या सुरुवातीला तुमचं नाव यायला हवं होतं. ते छापून आलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून गाळलं. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्हाला नेमका तेव्हाच दहा नंबरचा पाना शोधायचा असतो. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथून तुम्हाला उठून जाता येणार नाही. शिवाय पाण्यात गाडी बंद पडलेला मी काही एकटा नाही. तुम्ही मला जे समजावलंत ते इतरांच्याही उपयोगी पडावं, हाही हेतू आहेच.

तुम्ही मला दोनदा अडवलंत. मला जे लिहायचंय ते त्या दोन अडवण्यांबद्दल.

पहिल्यांदा भर पाण्यात. पुढच्या गाड्या थांबल्या म्हणून आम्ही थांबलो होतो. पाणी तेव्हा निम्म्या चाकापर्यंत होतं, गाडी व्यवस्थित चालू होती. समोरून एक ट्रक जोरात गेला, त्याची लाट थेट बॉनेटवर चढली, इंजिनाने एक गचका दिला आणि सगळं शांत. मिनिटभरात सल्लागार जमले. कुणी म्हणे सेल्फ मारा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबूनच ठेवा, सायलेन्सरमधलं पाणी आपोआप बाहेर पडेल. कुणी म्हणे सेकंडला टाका, आम्ही धक्का देतो. माणसं चांगली होती, आमच्यासाठीच भिजत उभी होती. तुम्ही त्या गर्दीतून वाट काढत आलात आणि खिडकीच्या काचेवर थाप मारून म्हणालात, "चावीला हात लावू नका. काढा आणि खिशात टाका."

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "अहो, एकदा मारून बघायला काय हरकत आहे?"

"बाबा, त्या एकदाच्या पायीच इंजिन उतरवायची वेळ येते."

एवढंच बोललात. मग आधी आईला आणि बाबांना उतरवून उंचावर नेऊन उभं केलंत. मला वाटलं होतं, गाडीत बसलेलं बरं. त्याचा हिशोब मी नंतर घरी केला. गाडीचा तळ साधारण सहा-सात चौरस मीटरचा असतो. तळाच्या वर पाणी 10 सेंटिमीटर चढलं की ते गाडीला सहाशे-सातशे किलोच्या जोराने वर उचलतं. हजार-अकराशे किलोची गाडी आणखी पाच-सहा सेंटिमीटरमध्ये जमिनीवरची पकड सोडू लागते, कारण पाणी आत झिरपायला वेळ लागतो आणि तोवर ती तरंगते. वाहतं पाणी असेल तर 30 सेंटिमीटर खोलीलाही बऱ्याचशा लहान गाड्या हलतात आणि 60 सेंटिमीटरला मोठ्या जीपगाड्याही वाहून जातात. तुम्ही माणसं आधी आणि गाडी मागून काढलीत, ते उगाच नव्हतं.

गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत कोरड्यावर आणली. तिथेही एका उत्साही माणसाने "आता गिअरमध्ये टाकून धक्का मारू या" म्हटलं, तेव्हा तुम्ही केवढ्याने ओरडलात! सेल्फने फिरवा नाहीतर चाकांनी फिरवा, फिरतो तो क्रँकच, म्हणजे पिस्टनना वर-खाली करणारा इंजिनाचा दांडा, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुढे तुम्ही बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवलीत. ओल्या कनेक्टरमधून करंट वाहत राहिला की पिना झपाट्याने गंजतात, हे एक कारण. दुसरं तुम्ही हळूच सांगितलंत: "म्हणजे कुणाला मोह नको." हल्लीच्या काही गाड्या सिग्नलला आपणहून बंद होतात आणि ब्रेकवरचा पाय काढला की आपणहून चालू होतात, अशा गाडीत तर हे फारच महत्त्वाचं, असंही म्हणालात.

मग एअर फिल्टरचा डबा उघडलात. आतला कागद लगद्यासारखा झाला होता आणि तळाशी गढूळ पाणी साचलं होतं. ते मला दाखवून तुम्ही विचारलंत, "आता मारायचा का सेल्फ?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये तुम्ही जे समजावलंत ते माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर सांगा. इंजिनाला पाणी बाहेरून लागून फारसं काही होत नाही. पाणी नाकातून आत गेलं की घात होतो. हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या किंवा पुढच्या जाळीच्या आसपास असतं, काहींत तर बंपरच्या मागे आणखी खाली. 1200 सीसीचं इंजिन 2000 आरपीएमला पूर्ण श्वास घेत असेल तर सेकंदाला जवळपास 20 लिटर हवा ओढतं. त्या तोंडाशी हवेऐवजी पाणी आलं तर ते पाणीही तितक्याच ओढीने आत जातं. सायलेन्सरची सगळ्यांना भीती वाटते, पण इंजिन चालू असेपर्यंत तिथून वायू बाहेरच रेटला जात असतो. म्हणून पाण्यात रेस वाढवत राहण्याने भलतंच होतं: इंजिन आणखी जोरात श्वास घेतं, वेग वाढला की गाडीपुढची लाट उंचावते आणि नळीचं तोंड बुडतं. जायचंच असेल तर पहिल्या गिअरमध्ये, संथ, एका लयीत. आणि पाणी किती खोल आहे ते दिसत नसेल तर जायचंच नाही.

पाणी सिलिंडरमध्ये शिरल्यावर पिस्टन वर येतो तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. हवा दबते, पाणी दबत नाही. तुम्ही म्हणालात, "सायकलच्या पंपात पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दांडा खाली दाबून बघा." किती पाणी पुरतं, असं मी विचारलं तर तुम्ही दोन बोटं दाखवलीत. मी आकडेमोड करून पाहिली. माझ्या गाडीच्या एका सिलिंडरचे 300 सीसी, कॉम्प्रेशन रेशो 10, म्हणजे आतली हवा दाबून एक दशांश जागेत बसवली जाते. पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा शिल्लक राहणारी जागा 33 मिलिलिटर. म्हणजे दोन मोठे चमचे आणि वर थोडंसं. डिझेलमध्ये रेशो जास्त, म्हणून जागा आणखी कमी: 1500 सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात रेशो 16 धरला तर जेमतेम 25 मिलिलिटर. याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वर पोचूच शकत नाही आणि फिरणारा क्रँक मात्र त्याला ढकलतच राहतो. या दोघांच्या मध्ये सापडतो तो त्यांना जोडणारा कनेक्टिंग रॉड. भरधाव इंजिन असेल तर तो मोडून ब्लॉकला भगदाड पाडतो. बंद पडलेल्या इंजिनावर सेल्फ मारला तर कधी नुसता टक् आवाज येऊन अडतं, कधी रॉड वाकतो. स्टार्टरचं छोटं दातेरी चाक क्रँकच्या टोकावरच्या मोठ्या चाकाला, फ्लायव्हीलला, फिरवतं त्यामुळे त्याचा जोर कित्येक पटींनी वाढलेला असतो. "हा काय, मिक्सरएवढा मोटर," असं मी स्टार्टरकडे बघून म्हणालो होतो. तुम्ही नुसते हसलात.

तुम्ही सेल्फला हातच लावला नाहीत. चारही प्लग काढलेत, क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने, अगदी सावकाश फिरवलंत. तिसऱ्या प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली आणि समोरच्या भिंतीवर चिखलाचा डाग पडला. बाकी तिघांतून नुसते थेंब. डिपस्टिक काढून बघितली, ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, पातळीही वाढलेली नव्हती, तरी ते बदललंत, फिल्टरही. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलंत, कारण ओल्या भिंतींना गंज धरायला फार वेळ लागत नाही आणि पुराच्या पाण्यातला गाळ पिस्टनच्या रिंगांमध्ये अडकून घासत राहतो. उशीर जितका जास्त तितकं नुकसान जास्त, हे तुम्ही वारंवार सांगत होतात. सेल्फ मारायची घाई नको, पण इंजिन उघडून कोरडं करायची घाई हवीच. माझ्या ओळखीचे बरेच जण नेमकं याच्या उलट करतात. रस्त्यात सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवतात आणि मग गाडी आठवडाभर तशीच उभी ठेवतात.

हे सगळं झाल्यावर तुम्ही गाडी चालू केलीत. पहिल्या सेल्फला घेतली. थोडा पांढरा धूर आला, मग स्वच्छ. बाबा खूश, मी खूश, मेहुण्याने तर फोन काढून व्हिडिओही केला. आणि तिथे तुम्ही दुसऱ्यांदा अडवलंत.

"नेऊ नका. तीन नंबर मला बघू दे."

गाडी चालत होती. आवाज ठीक होता. कॉम्प्रेशन मोजलंत तर तीन नंबरचं इतरांपेक्षा थोडं कमी भरलं, पण थोडंच. माझ्या गाडीच्या वयाला तेवढा फरक चालतो, असं दुसऱ्या एका गॅरेजमधल्याने मला फोनवर सांगितलंही. तुम्ही म्हणालात, कॉम्प्रेशनवर जाऊ नका. प्लगच्या भोकातून डायल गेजची लांब कांडी सोडून चारही पिस्टन किती उंचीपर्यंत येतात ते मोजायला बसलात. तीन पिस्टन एकमेकांशी तंतोतंत जुळले. तीन नंबरचा जवळजवळ 1 मिलिमीटर खालीच थांबत होता.

एका मिलिमीटरने काय होतं, हा माझा प्रश्न. घरी आकडे मांडले तेव्हा तुमचं म्हणणं पटलं. 70 मिलिमीटरच्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासात, 1 मिलिमीटर म्हणजे वरच्या जागेत चारेक सीसीची भर. रेशो 10 वरून 9 च्या आसपास येतो. इंजिन त्यावर सहज चालतं, कानाला काही कळत नाही, कॉम्प्रेशनच्या काट्यालाही जेमतेम कळतं. पण रॉड मात्र वाकलेला असतो. तो पिस्टनला सरळ न ढकलता भिंतीकडे रेटतो आणि हायवेच्या वेगाला मिनिटाला हजारो वेळा त्याच वाकलेल्या जागी ताण येतो. असा रॉड महिन्यांनीही तुटतो. तोवर पूर विसरलेला असतो आणि लोक म्हणतात, अचानक इंजिन बसलं.

मिस्त्री, ती गाडी तुम्ही त्या दिवशी मला देऊन टाकली असती तर मी तुम्हाला दुवाच दिला असता. पुढे रॉड तुटला असता तरी तुमच्यापर्यंत कुणी आलं नसतं. तुम्ही मात्र हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडायचं म्हणालात. त्याने खर्च वाढला, आमच्या चेहऱ्यांवर संशय आला आणि तो तुम्हाला दिसलाही. आज सांगतो, हेड उघडेपर्यंत मेहुणा मला कोपऱ्यात घेऊन "हा काम वाढवतोय" म्हणत होता. तुम्ही काही न बोलता रॉड बाहेर काढलात, शेजारच्या सिलिंडरचाही काढलात आणि दोन्ही सपाट काचेवर आडवे ठेवून मेहुण्याच्या हातात फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, दिलंत. त्याने स्वतः पाती सरकवून पाहिली. त्यानंतर तो तुम्हाला 'उस्ताद' म्हणायला लागला. मला अजून तसं कधी म्हणालेला नाही.

विम्याच्या बाबतीतही तुमचंच चाललं. पाणी कुठवर चढलं होतं त्या खुणेचे, भिजलेल्या फिल्टरचे आणि काढलेल्या प्लगचे फोटो तुम्ही हेड उघडायच्या आधीच काढायला लावले होतेत. अनेक पॉलिसींत पाण्याने झालेलं इंजिनाचं नुकसान मूळ संरक्षणात येत नाही, त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते. आणि बुडालेलं इंजिन मुद्दाम चालू करायचा प्रयत्न केला असेल तर ते नुकसान अपघाताचं नव्हे, हा वाद हमखास उभा राहतो. सर्व्हेअरने पहिला प्रश्न तोच विचारला: पाण्यात सेल्फ मारला होता का? नाही, हे मी ताठ मानेने सांगू शकलो, ते तुमच्यामुळे.

गिअरबॉक्सचं ऑइलही तुम्ही आपणहून काढून बघितलंत, ते मला बिल पाहताना कळलं. गरम डबा थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे डब्याच्या हवेच्या भोकातून, पाणी ओढलं जातं, हे तुमच्याकडच्या मुलाने मला सांगितलं. त्याला तुम्ही चांगलं शिकवताय. तो न विचारताही सांगतो, हा गुण त्याने तुमच्याकडून घेतलेला नाही.

बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. आई म्हणते, ते उंचावर उभं केलं तेव्हा तुम्ही स्वतःची छत्री तिच्या हातात दिली होतीत. ती अजून आमच्याकडेच आहे. येताना आणतो. यायचं तर लवकरच आहे, कारण सकाळी गाडी चालू केली की बेल्टच्या बाजूने किरकिर येते आणि गरम झाल्यावर थांबते. पाण्यातून गेलेल्या अल्टरनेटरचं, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं, बेअरिंग उशिरा बोलतं, असं तुम्ही म्हणाला होतात. तेच असेल तर सांगा, नसेल तरी सांगा.

आपला,
तीन नंबरवाला