सोमवारी अजिंठा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतले ‘तीन दिवसांत मराठवाडा’ वाचले. त्याआधी ‘पाच दिवसांत राजस्थान’ही वाचले होते. जयपूर ते जैसलमेर साडेपाचशे किलोमीटर आहे, पण ते राजस्थानवाल्यांनी बघावे. आम्ही आमच्यापुरते बोलतो.

लेखकांनी शनिवारी तुळजापूर, रविवारी नांदेड आणि सोमवारी सकाळी अजिंठा, दुपारी वेरूळ, सायंकाळी दौलताबाद असा बेत दिला आहे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळ मंगळवारी. हे काही गुपित नाही. म्हणजे आपला लेख हातात घेऊन निघालेले कुटुंब फर्दापूरच्या टी पॉइंटवर उतरणार आणि चहा पिऊन परतणार. बरे, बेत एक दिवस पुढे ढकलावा, तर अजिंठा मिळते आणि वेरूळ जाते.

दोन्ही उघडी असली तरी एका दिवसाचे गणित बसत नाही. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा शंभर किलोमीटर, फुलंब्री-सिल्लोडमार्गे अडीच तास धरा. टी पॉइंटला गाडी लावून चार किलोमीटर तिथल्या बसने जायचे, मग पायऱ्या. नऊला उघडणाऱ्या लेण्यांत पहिले पाऊल दहाला पडले तर नशीब. एक, दोन, सोळा आणि सतरा ही चित्रांची लेणी, एकोणीस आणि सव्वीस हे चैत्य, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनागृहे. एवढेच नीट पाहायचे म्हटले तरी चार तास जातात.

कारण लेणे क्रमांक 1 मध्ये उन्हातून शिरले की आधी काहीच दिसत नाही. चित्रांसाठी दिवे मंद ठेवलेले असतात. बहुतेक लोक तेवढ्यात मोबाइल वर करतात, फ्लॅश चालत नाही हे ऐकून घेतात आणि ‘काही नाही हो आत’ म्हणत बाहेर पडतात. पाच मिनिटे एका जागी थांबावे. गाभाऱ्याकडे तोंड केले की डाव्या हाताला पद्मपाणी हळूहळू उमटतो: आधी मुकुट, मग झुकलेली मान, मग हातातले कमळ. (चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड तापतो. जुने मोजे बरोबर ठेवा. लेखात हॉटेलांच्या स्विमिंग पुलाला जागा होती, मोज्यांना नव्हती.)

तिथून वेरूळ पुन्हा शंभरेक किलोमीटर. पोचेपर्यंत पाच वाजतात. मग धावतपळत कैलास लेणे, आणि उत्तरेला किलोमीटरभर लांब असलेली 30 ते 34 ही जैन लेणी राहतात ती राहतातच. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सकाळी त्यांच्यावर सावली असते. म्हणून सकाळी जैन लेणी उरकून दुपारनंतर कैलासला यावे आणि बाजूच्या टेकडीवर चढून वरून पाहावे. कळसाकडून खाली कोरत नेले म्हणजे काय, ते तिथून समजते. दौलताबाद आणि खुलताबाद दुसऱ्या दिवशी. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, टॉर्च लागते आणि संध्याकाळी पोचून वरची बारादरी गाठणे होत नाही.

एकट्या संभाजीनगरला चार मुक्काम हवेत, पैठण धरून. तुळजापूर आणि नांदेड त्याला जोडूच नयेत, मध्ये दोनशेच्या वर किलोमीटर आहेत. धाराशिवला मुक्काम ठेवला तर तेरचे लामतुरे संग्रहालय, तुळजापूर आणि नळदुर्ग दोन दिवसांत आरामात होतात. फक्त तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. नळदुर्गचे नर-मादी धबधबे बोरी नदीला भरपूर पाणी असेल तेव्हाच. मे महिन्यात गेलात तर नुसती भिंत दिसेल. अंबाजोगाईला राहिले की मुकुंदराजांची समाधी, हत्तीखाना लेणी आणि पंचवीस किलोमीटरवरची परळी होते. माहूर वेगळे ठेवा. आणि प्रत्येक वेळी गाडी भाड्यानेच करायला हवी असे नाही. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास अजून मिळतो. त्याची जाहिरात आपल्याकडे येत नसेल, म्हणून राहिले असेल.

जाता जाता. लेखाबरोबर ‘मराठवाड्याचे वैभव’ म्हणून लोणार सरोवराचा पाव पान फोटो छापला आहे. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. आमचा अनुशेष असा परस्पर भरून काढल्याबद्दल आभार. औंढा नागनाथचे ‘औंध नागनाथ’ केले आहे तेही पाहावे; औंध साताऱ्याकडे आणि पुण्यात आहे, ज्योतिर्लिंग हिंगोली जिल्ह्यात.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया शनिवारपर्यंत छापा. सोमवारी छापली तर ती वाचायची ज्यांना गरज आहे ते फर्दापुरात चहा पीत असतील.

आपला,
एक वाचक, सिल्लोड