दशावतार वैशाखात नको, मार्गशीर्षात पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैशाखात जत्रांचा हंगाम सरत आला की दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याच्या मंडळांनी केलेल्या आख्यानांची, म्हणजे रात्रीच्या मुख्य पौराणिक खेळांची, परीक्षणे छापून येतात. आपल्या पुरवणीतही येतात, याचा आनंद आहे. पण बहुतेक परीक्षणे लिहून बसवलेल्या नाटकाच्या मापाने केलेली असतात. ‘संवाद पसरट’, ‘पूर्वार्ध रेंगाळला’, ‘ट्रिकसीन (धूर-दिव्यांची चमत्कृती) नेत्रदीपक’ एवढ्यात मंडळाचा अख्खा हंगाम निकालात निघतो.

दशावताराला छापील संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे हे पुष्कळदा गावात पोचल्यावर ठरते. मालक कथासूत्र आणि प्रवेशांचा क्रम सांगतो, तोंडाला रंग लावता लावता कलाकार आपसांत दुवे जुळवतात आणि संवाद उभ्या जागी सुचत जातात. त्यामुळे एका रात्रीवरून आख्यानावर शेरा मारता येत नाही. ‘द्रौपदी वस्त्रहरण’ पाहायचे तर त्याच मंडळाचे दोन जत्रांत पाहावे. दुर्योधनाने नवा पेच टाकला तर विदुर तो कुठल्या आधाराने परतवतो, यात नटाचे वाचन कळते.

संगीताबद्दल तर अक्षर नसते. पायपेटी, पखवाज आणि झांज ही 3 वाद्ये सगळा खेळ पेलतात. नट वाक्याचा शेवट लांबवतो, पेटीवाला त्याच क्षणी स्वर देतो आणि पद सुरू होते. राजपार्टीचा (राजाची भूमिका करणाऱ्या नटाचा) स्वर काळी एक आणि स्त्रीपार्टीचा (स्त्रीभूमिका करणाऱ्याचा) पांढरी चार असेल तर पेटीवाल्याला पदागणिक पट्टी बदलावी लागते. संयुक्त दशावतारात नेमके इथेच बिनसते. नट नावाजलेले असतात, पण वेगवेगळ्या मंडळांचे. पेटीवाल्याला त्यांची पट्टी आणि इशारा ठाऊक नसतो, मग पहिली ओळ चाचपडते. परीक्षणात मात्र ‘गायन फिके’ असे येते आणि दोष नटाच्या माथी बसतो.

ट्रिकसीनला आमचा विरोध नाही. पण देवळापुढच्या बुटक्या मांडवात सोडलेला धूर बाहेर जात नाही. तो थेट गाणाऱ्याच्या घशात उतरतो आणि पुढची दोन पदे बसक्या आवाजात होतात. पांढऱ्याफेक एलईडी झोतात सफेद्यावरची (तोंडाला लावलेल्या पांढऱ्या रंगावरची) रंगरेषा पुसल्यासारखी दिसते, पिवळसर दिव्यात ती उठून दिसते. वर टांगलेले माईक वाद्यांच्या बाजूला सरकवले की पखवाज संवाद गिळतो, आणि नट माईकखाली दाटीवाटीने उभे राहतात. मग युद्धनृत्याच्या गिरकीला जागा कुठली? हा दोष दिग्दर्शनाचा नव्हे, मांडवाचा आहे, आणि तो देवस्थान समितीला एका तासात सुधारता येईल. परीक्षकाने तो नेमका लिहिला तरच.

आडदशावताराचा, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगाचा, उल्लेख तर जवळपास कुठेच नसतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद पळवणारा संकासुर. हा भाग आटोपता घेण्याची रीत पडली आहे आणि कोणी विचारत नाही म्हणूनच ती पडली. संकासुराची मालवणीतली हजरजबाबी फिरकी गावागणिक बदलते. ती ऐकायची तर परीक्षकाने मध्यरात्रीनंतर आख्याना‍पुरते न येता पहिल्या झांजेपासून बसले पाहिजे.

आणखी एक. वैशाखात कलाकारांचे गळे थकलेले असतात. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास सुरू झालेली जागरणे, रोज रात्री नवे गाव, दिवसा प्रवास आणि मिळेल तेवढी झोप. त्या बसलेल्या आवाजावर ‘गायनात घसरण’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, पार्सेकर अशा जुन्या नावांच्या मंडळांइतकीच नवीन मंडळेही मार्गशीर्षात पाहावीत. प्रत्येक परीक्षणावर जत्रेचे गाव, तारीख, प्रयोग सुरू झाल्याची वेळ, आणि पेटी-पखवाजवाल्यांची नावे छापावीत. पुढच्या हंगामापासून एवढे कराल अशी विनंती आहे.

आपला,
एक दशावतारप्रेमी वाचक, कुडाळ