हात मोकळे ठेवायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, घंटा झाली" म्हणून विषयच उडवून लावता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही मला जे दिलंत त्याला तपासणीच्या कुठल्याच तक्त्यात रकाना नाही, हेही एक कारण.

माझ्या तासाला तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसलात, तेव्हा मी मुलांची उत्तरं ऐकत होते आणि तुम्ही त्यांचे हात बघत होतात. फळ्यावर ३ + ४ + ५ = __ + ५ लिहिलेलं. बऱ्याच जणांनी रिकाम्या जागी १२ लिहिले, काहींनी दिसेल तो आकडा मिळवून १७. फळ्याशी आलेली मुलगीही "सगळ्यांची बेरीज केली" असंच सांगत होती. पण सांगताना तिचा पंजा आधी बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडून फिरला, जरासा थांबला, आणि मग उजव्या बाजूखालून गेला. माझ्या नजरेतून ते निसटलं असतं. तास संपल्यावर तुम्ही म्हणालात, "तिला दोन बाजू आहेत हे कळलंय गं, फक्त तोंडापर्यंत आलेलं नाही. उद्या तिथूनच धर." धरलं, आणि तिचं ७ आलं. का आलं, हेही तिने शेजारणीला सांगितलं.

पुढे वाचताना कळलं, हे नुसतं तुमच्या अनुभवाचं शहाणपण नाही. शिकागो विद्यापीठातल्या सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं नेमकं हेच तपासत आलेत. १९८६ च्या त्यांच्या अभ्यासात ज्या मुलांचं बोलणं एक आणि हात दुसरंच सांगत होते, तीच मुलं शिकवल्यावर जास्त पटकन पुढे गेली. २००९ च्या प्रयोगात त्यांनी अशाच गणितांसाठी मुलांना एक खूण शिकवली: पहिल्या दोन आकड्यांखाली दोन बोटं इंग्रजी व्ही अक्षरासारखी टेकवायची, मग एका बोटाने रिकामी जागा दाखवायची. या दोन आकड्यांची बेरीज तिथे जाते, असं कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. तरी ती खूण करणारी मुलं खूण न करणाऱ्यांपेक्षा जास्त शिकली. त्याआधी २००८ मध्ये असंही दिसलं होतं की शिकताना स्वतः हात वापरलेल्या मुलांच्या डोक्यात ते चार आठवड्यांनंतरही जास्त टिकून होतं.

मुलांनी स्वतः, हे तुम्ही मला पुन्हा पुन्हा बजावलंत. शिक्षिकेने वर्गभर हात नाचवायचे आणि मुलांनी घडी घालून बसायचं, यावर तुमचा भारी राग. "हाताची घडी, तोंडावर बोट" ही आज्ञा मी वर्गातून काढून टाकली ती तुमच्यामुळेच. (शेजारच्या वर्गाला थोडा त्रास होतो. होऊ दे.) जन्मापासून अंध असलेली माणसंही बोलताना हात हलवतात, समोरचा अंध आहे हे माहीत असलं तरी. म्हणजे हात फक्त बघणाऱ्यासाठी हलत नाहीत, बोलणाऱ्यालाही ते काहीतरी देत असणार.

बारकावे मात्र सगळे तुमचे. संख्यारेषा दाखवताना वर्गाकडे तोंड करून उभं राहिलं की माझा उजवा हात मुलांच्या डाव्या बाजूला जातो आणि मोठे आकडे उलट दिशेला धावायला लागतात. तुम्ही मला खांद्याला धरून फळ्याकडे वळवलंत. कोन शिकवताना दोन्ही तळवे मनगटाशी जोडून हळूहळू उघडायचे, म्हणजे बाजू लांब केल्याने कोन मोठा होत नाही हे मुलांना बघता येतं. बरोबरच्या चिन्हाच्या डाव्या बाजूसाठी हाताची जी खूण एकदा धरली ती वर्षभर तीच ठेवायची. शब्द निघतानाच हात निघाला पाहिजे, नंतर नव्हे. आणि सगळ्यात आधी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवायचं.

हे सगळं तुम्ही स्वतःचे ऑफ तास मोडून केलंत. वर्गासमोर एकदाही मला टोकलं नाहीत. माझ्या पाठ टाचणात आता प्रत्येक घटकापुढे "हात" असा एक शब्द असतो आणि त्याखाली थोडी मोकळी जागा. बहुतेक ठिकाणी ती भरली आहे. अपूर्णांकांच्या भागाकारापुढे ती कोरी आहे, कारण पाऊण भागिले पाव हातांनी कसं दाखवायचं ते मला अजून सुचलेलं नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत येते. या वेळी घंटेचं कारण चालणार नाही.

तुमची,
शेजारच्या वर्गावरची