सेंट्रल लाइननंतरचा एक्स-रे प्रत्येकालाच हवा का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आयसीयूच्या बिलात 'पोर्टेबल एक्स-रे' दिसला की नातेवाईक विचारतात, नळी घातली मानेत, मग फोटो छातीचा कशाला? प्रश्न रास्त आहे. औषधे देण्यासाठी मोठ्या शिरेत घातलेली ही लांब नळी म्हणजे सेंट्रल लाइन. मानेतून घातली की तिचे टोक छातीत, हृदयाजवळ पोचते. सुई पूर्वी हाडांच्या खुणा पाहून अंदाजानेच घालावी लागे. ती फुफ्फुसाला लागली का, नळीचे टोक भलतीकडे गेले का, हे कळायला फोटोशिवाय मार्ग नव्हता. आज सोनोग्राफीवर बघत, मानेतल्या उजव्या शिरेत, पहिल्याच टोचणीत लाइन पडली असेल, तर या सरसकट फोटोतून फारसे काही हाती लागत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

यात जातो तो वेळ. सेप्सिसचा (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला) रुग्ण, वरचा रक्तदाब 70, रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रेनलिन पंपावर भरून तयार, आणि 'फोटो आला की चालू करू' म्हणून सगळे थांबलेले. मशीन येऊन प्लेट पाठीखाली सरकवेपर्यंत अर्धा तास सहज जातो.

खाटेशेजारची तपासणी पाच मिनिटांत होते. सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) हृदयावर ठेवायचा, लाइनच्या टोकाकडे उघडणाऱ्या पोर्टमधून (तोंडातून) 10 मिली सलाईन झटक्यात सोडायचे. उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) दोन सेकंदांच्या आत बुडबुड्यांचा लोट दिसला, तर टोक जागेवर आहे. उशिरा दिसला तर ते दुसऱ्याच शिरेत वळले असण्याची शक्यता. दिसलाच नाही तर लाइन वापरायची नाही. मग प्रोब छातीच्या दोन्ही बाजूंना. श्वासागणिक फुफ्फुसाचे आवरण सरकताना दिसले, तर तिथे सुई लागून फुफ्फुसाबाहेर हवा साचलेली नाही. आडव्या रुग्णाच्या छातीतली हवा पुढच्या बाजूला साचते आणि झोपवून काढलेल्या फोटोत थोडी हवा अनेकदा निसटते. इथे प्रोबच अधिक भरवशाचा. आवरण सरकत नसेल तर मात्र लगेच निदान करू नये. श्वासनळीतली ट्यूब एकाच फुफ्फुसात गेली असेल किंवा जुन्या आजाराने आवरण चिकटले असेल, तरी तसेच दिसते.

सर्वांत घातक चूक म्हणजे शिरेऐवजी धमनीत लाइन जाणे. ती फोटोत कळली तरी उशीरच झालेला असतो, कारण नळीसाठी वाट रुंद करणारा डायलेटर आधीच आत जाऊन आलेला असतो. म्हणून डायलेटरआधी गाइडवायर (नळी जिच्यावरून आत सरकवतात ती तार) शिरेतच आहे हे प्रोबने उभे-आडवे पाहावे. प्रोब नसेल तर कॅन्युलाला (आधी आत घातलेल्या बारीक नळीला) एक्स्टेन्शन ट्यूब जोडून, ती रक्ताने भरू देऊन उभी धरावी. शिरेत असेल तर रक्ताची पातळी खाली उतरते, धमनीत असेल तर ठोक्याठोक्याला वर चढते. रक्ताच्या रंगावर विसंबू नये. शॉकमध्ये (रक्तदाब कोसळलेला असताना) ऑक्सिजन कमी असला की धमनीचे रक्तही काळपट दिसते. जाड नळी धमनीत गेलीच, तर ती उपसून दाबून धरू नये. तशीच ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलवावे.

एक्स-रे नकोच, असे आम्ही म्हणत नाही. गळ्याच्या हाडाखालून सबक्लेव्हियन लाइन टाकली, दोन-तीनदा टोचावे लागले, वायर अडखळली, नंतर दम लागला किंवा छातीत दुखले, तर फोटो हवाच. डाव्या बाजूच्या लाइनचेही तसेच. तिचे टोक महाशिरेच्या भिंतीला आडवे टेकून भोक पडण्याचा धोका असतो आणि तो कोन फोटोतच नीट दिसतो. जांघेतल्या लाइनला मात्र छातीचा फोटो काहीच सांगत नाही, तरी सवयीने काढला जातो!

जिथे प्रोब हाताळायला शिकलेला माणूस चोवीस तास नाही, तिथे जुनी रीत मोडू नये. तालुक्याच्या रुग्णालयात अडचण वेगळीच असते. आयसीयूसाठी घेतलेल्या छोट्या सोनोग्राफी मशीनलाही 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी लागते आणि पोर्टेबल मशीनच्या वापरावर जागेचे बंधन आहे. कायद्याचा हेतू आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण या कागदपत्रांच्या धास्तीने मशीनच न घेणारी रुग्णालये आहेत. आयसीयूतल्या मशीनची नोंदणी ठरावीक दिवसांत व्हावी आणि प्रत्येक लाइनमागे बुडबुडे, फुफ्फुस, वायर या तीन तपासण्यांची वेळ व सही केसपेपरवर सक्तीची करावी, अशी आरोग्य विभागाला आमची विनंती आहे.

आपले विनीत,
अतिदक्षता विभागात काम करणारे दोन डॉक्टर, सांगली