अकेशिया तोडा, पण एका दमात नको

महोदय,

अकेशिया हे ऑस्ट्रेलियाकडचं परकं झाड हटवण्यावरचा कालचा लेख वाचला. कोकणात या झाडाची बाजू घेणारं आता कुणी उरलेलं नाही, मीही घेणार नाही. पण 'पावसाआधी सरसकट तोड करा, पाचोळा जाळा, नव्या लागवडीसाठी खड्डे मारा' हा लेखकाचा उपाय म्हणजे अकेशियाचीच पेरणी आहे. त्याच्या काळ्या बियांचं कवच टणक असतं. रोपवाटिकेत त्यांवर उकळतं पाणी ओतून बी रात्रभर भिजत ठेवतात, तेव्हा कुठे ते धड रुजतं. मातीत पडून राहिलेल्या बियांची तीच सेवा पाचोळ्याची आग फुकटात करते, वर सावली गेल्याने ऊनही मिळतं. जुलैत तिथे जाऊन बघा. बाभळीसारख्या बारीक पानांची रोपं दिसतील, ती अकेशियाचीच. पुढे देठच रुंद होऊन पानासारखा होतो. म्हणून तो पाला चिवट, लवकर कुजत नाही.

जुन्या लागवडीत जरा वाकून बघावं. जवळपास रान शिल्लक असेल तर आंजणी, करवंद, जांभूळ, ऐन, किंजळ अशी देशी रोपं खाली आलेली असतात. तोड करायची ती त्यांच्या हिशोबाने. आधी या रोपांना खुणेची फडकी बांधा. पहिल्या वर्षी ज्यांच्याखाली रोपं वाढलीत तेवढाच, साधारण तिसरा हिस्सा अकेशिया काढा, बाकीचा दोन-तीन वर्षांच्या अंतराने. झाड रोपांच्या उलट अंगाला पाडा आणि ओंडके एकाच वाटेने बाहेर काढा. बुंधा जमिनीलगत कापा. ठेकेदाराची माणसं पाठ वाकवायला नको म्हणून गुडघ्याएवढा खुंट ठेवतात आणि तो फुटतो. लगत कापलेला सहसा मरतो. अकेशियाची नव्याने उगवलेली रोपं पावसात माती मऊ असताना मुळासकट उपटायची, तीही निदान तीन पावसाळे. या कामाला पैसे कधीच नसतात, कारण उपटण्याचं उद्घाटन होत नाही.

जाता जाता एक. त्या लेखाशेजारच्या 'देशी वृक्ष' चौकटीत गुलमोहर कसा काय? तो मादागास्करचा. चूक लेखकाची की आपल्या उपसंपादकांची, ते आपण बघून घ्यावं; दुरुस्ती मात्र छापावी, नाहीतर येत्या जूनमध्ये एखादी शाळा तीच यादी घेऊन खड्डे मारायला निघेल.

— एक वाचक, संगमेश्वर